दिल्लीची अधिसूचना, मनिलाची रांग

(गोंदिया इथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

२० जुलै २०२३ रोजी दिल्लीत परकीय व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली. मजकूर जेमतेम पान-दीड पानाचा. बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात तोवर खुली होती, ती त्या दिवसापासून बंद. ज्यांच्या जहाजात माल भरायला आधीच सुरुवात झाली होती, अशा काहींना तेवढी सूट. बाकीच्यांचे करार, गोदामातला माल, बंदराच्या वाटेवर असलेले ट्रक, सगळं जागच्या जागी थांबलं.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत थायलंडच्या तांदळाचा निर्यातभाव टनाला साडेपाचशे डॉलरच्या आसपास होता, तो साडेसहाशेच्या घरात गेला. थायलंडच्या शेतात त्या तीन आठवड्यांत फारसं काही घडलं नव्हतं. पाऊस कमी करणाऱ्या एल निनोची भीती होती, पण ती जूनमध्येही होतीच. ऑगस्टमध्ये जागतिक अन्न आणि कृषी संघटनेचा तांदूळ किंमत निर्देशांक पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर पोचला. अमेरिकेत भारतीय किराणा दुकानांबाहेर लोक सोना मसुरीच्या पिशव्यांसाठी उभे होते, आणि काही दुकानदारांनी एका कुटुंबाला एकच पिशवी असा नियम केला. तुमच्यापैकी ज्यांची मुलंबाळं तिकडे आहेत, त्यांना त्या आठवड्यात तसे फोन आलेही असतील.

आपल्या देशात भाव आटोक्यात राहावा म्हणून घेतलेला एक निर्णय, आणि त्याची किंमत मोजणारी माणसं हजारो मैलांवर. हे कसं घडतं, याबद्दल मला आज बोलायचं आहे. गोंदियात हा विषय मांडताना विशेष बरं वाटतं, कारण भाताची बांधी, धानखरेदी केंद्र आणि राइस मिल ही साखळी इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मी त्या साखळीच्या पलीकडच्या टोकाबद्दल बोलणार आहे.

सुरुवात तांदळाच्या बाजारापासून करू, कारण तांदूळ हे फार वेगळं धान्य आहे. जगात दरवर्षी साधारण ५२ कोटी टन तांदूळ तयार होतो. त्यातला देशांच्या सीमा ओलांडतो किती? साडेपाच कोटी टनांच्या आसपास. म्हणजे दहातले नऊ घास जिथे पिकतात तिथेच खाल्ले जातात आणि एकच घास बाजारात येतो. गव्हाचं तसं नाही, गव्हाच्या पिकाचा बराच मोठा हिस्सा परदेशी जातो. तांदळाच्या या अरुंद बाजारात विकणारे देशही मोजके: भारत, थायलंड, व्हिएतनाम, पाकिस्तान, म्यानमार. २०२२ मध्ये भारताने दोन कोटी वीस लाख टनांहून जास्त तांदूळ बाहेर पाठवला, म्हणजे जागतिक व्यापाराचा सुमारे ४० टक्के. तेलाच्या बाजारात सौदी अरेबियाला जे वजन आहे, त्याहून आपलं तांदळातलं वजन जास्त आहे. त्यामुळे ‘आमच्या तांदळाचं काय करायचं ते आम्ही ठरवू’ हे वाक्य कायद्याने बरोबर असलं, तरी परिणामांच्या दृष्टीने अपुरं आहे. आपण ठरवतो ते सगळ्यांसाठीच ठरतं.

दुसरी गोष्ट खाणाऱ्याची. सोनं महागलं तर लोक सोनं घेणं थांबवतात. तांदूळ महागला म्हणून घरात निम्मा भात शिजत नाही. आधी डाळ पातळ होते, भाजी जाते, दूध जातं, मुलाची शिकवणी जाते, आणि भात सगळ्यात शेवटी कमी होतो. म्हणून बाजारातला माल शेकडा पाच-सातने जरी कमी झाला, तरी तेवढ्या मालासाठी भाव वीस-तीस टक्के चढू शकतो. श्रीमंत देश चढ्या भावाने उचलतो, आणि जो उचलू शकत नाही तोच कमी खातो.

आता २००७-०८ ची गोष्ट सांगते. ती सविस्तर सांगणार आहे, कारण या विषयातलं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

त्या वर्षी जगात तांदळाचा तुटवडा नव्हता. पीक आधीच्या वर्षापेक्षा जास्त आलं होतं. अडचण गव्हात होती. ऑस्ट्रेलियात लागोपाठ दुष्काळ पडला होता, युक्रेनने निर्यातीवर कोटा लावला होता, गव्हाचे भाव चढत होते. भारताने २००६ मध्ये बऱ्याच वर्षांनी गहू आयात केला होता आणि त्यावरून संसदेत आणि बाहेर बराच गदारोळ झाला होता. पुन्हा महाग गहू आणायचा, की रेशनच्या दुकानात गव्हाऐवजी तांदूळ द्यायचा? सरकारने दुसरी वाट धरली. त्यासाठी तांदूळ देशातच राहायला हवा होता. ९ ऑक्टोबर २००७ ला बिगरबासमती तांदळाची निर्यात थांबवली. महिनाअखेरीस ती बंदी उठवून टनाला ४२५ डॉलर किमान निर्यात किंमत लावली, म्हणजे त्याखालच्या भावाने कुणी विकायचं नाही. मग ती किंमत ५०० झाली, मार्चमध्ये ६५०, आणि १ एप्रिल २००८ पासून पुन्हा बंदी.

म्हणजे आग गव्हाची आणि धूर तांदळात.

भारत बाजारातून उठला तेव्हा त्याचे गिऱ्हाईक व्हिएतनाम आणि थायलंडकडे वळले. तिथे भाव चढला, तसं व्हिएतनामला वाटलं, आपला तांदूळ स्वस्तात निघून जाईल आणि आपल्याच लोकांना कमी पडेल. त्यांनी नवे करार थांबवले. कंबोडियाने बंदी घातली, इजिप्तने घातली. प्रत्येक देशाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा होता. सगळ्यांचा मिळून जो परिणाम झाला तो भयंकर होता.

आपल्याकडे नहराच्या पाण्याचं असंच होतं. पाऊस लांबला की डोक्याकडचा शेतकरी भीतीपोटी गरजेपेक्षा दोन तास जास्त पाणी घेतो, त्याचं बघून पुढचा घेतो, आणि टेलवरच्या, म्हणजे नहराच्या शेवटच्या टोकाच्या, बांध्या भेगाळतात. तलावात पाणी मात्र कालच्या इतकंच असतं.

२००८ मध्ये टेलला होतं फिलिपाईन्स. त्या काळात जगातला सगळ्यात मोठा तांदूळ आयातदार. त्यांची सरकारी संस्था, राष्ट्रीय अन्न प्राधिकरण, निविदा काढून तांदूळ विकत घ्यायची. भाव चढायला लागले तसे ते घाबरले आणि त्यांनी निविदांचे आकडे वाढवले. एप्रिलमध्ये त्यांनी एकाच वेळी पाच लाख टनांची मागणी बाजारात टाकली. बाजार इतका अरुंद, विकणारे आधीच हात आखडून बसलेले, त्यात एवढा मोठा गिऱ्हाईक हातघाईवर आलेला. टनाला हजार डॉलरच्या वरचे देकार आले. तो आकडा जगभर छापून आला आणि त्याच आकड्याने पुढची धास्ती पेरली. जानेवारीत चारशे डॉलरच्या आत असलेला थाई तांदूळ एप्रिलअखेर हजाराच्या घरात होता. चार महिन्यांत अडीचपटीहून जास्त!

मनिलात सरकारी दुकानात १८ पेसो २५ सेंटावोला किलो मिळणाऱ्या तांदळासाठी लोक पहाटेपासून रांगा लावत होते, आणि तो तांदूळ नीट वाटला जावा म्हणून सैनिक तैनात केले होते. थायलंडमध्ये उभं पीक चोरीला जायला लागलं, शेतकरी रात्री शेतावर पहारा देत होते. सगळ्यात विलक्षण प्रकार घडला व्हिएतनाममध्ये. तो निर्यातदार देश, तांदूळ देशातच राहावा म्हणून त्यांनी निर्यात रोखलेली. तरीही एप्रिलच्या शेवटच्या शनिवार-रविवारी हो ची मिन्ह शहरात लोक दुकानांवर तुटून पडले आणि दोन दिवसांत किरकोळ भाव दुपटीला जाऊन भिडले. सरकार स्वतःच घाबरलं आहे, हे बंदीमुळे लोकांना कळतं. मग ते शांत कसे राहतील?

हैतीत त्याच एप्रिलमध्ये महागाईविरोधात दंगली झाल्या आणि पंतप्रधान जाक एदुआर अलेक्सी यांना पद सोडावं लागलं.

आणि हा फुगा फुटला कसा? जपानमुळे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापोटी जपानला दरवर्षी ठरावीक परदेशी तांदूळ विकत घ्यावा लागतो. जपानी माणूस तो फारसा खात नाही, सरकार तो गोदामात ठेवतं, काही पशुखाद्यात जातो. असा सुमारे पंधरा लाख टन तांदूळ तिथे पडून होता. तो बाहेर पाठवायचा तर ज्या देशाने मूळ विकला त्याची, मुख्यतः अमेरिकेची, संमती लागते. टॉम स्लेटन आणि पीटर टिमर या दोन अभ्यासकांनी मे महिन्यात हा मुद्दा वॉशिंग्टनमध्ये लावून धरला: जपानला हा साठा सोडू द्या, बाजार आपोआप खाली येईल. अमेरिकेने हरकत नसल्याचे संकेत दिले, जपानने तयारी दाखवली, आणि भाव कोसळायला लागले. मला यातला सगळ्यात बोलका भाग हा वाटतो, की त्या साठ्यातला तांदूळ प्रत्यक्षात जवळजवळ बाहेर गेलाच नाही. तो येऊ शकतो, एवढ्या बातमीने काम झालं. जो भाव बातमीने चढला होता तो बातमीनेच उतरला.

पुढे विल मार्टिन आणि किम अँडरसन या अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला. २००६ ते २००८ मधल्या तांदळाच्या जागतिक भाववाढीपैकी सुमारे ४५ टक्के आणि गव्हाच्या भाववाढीपैकी जवळपास ३० टक्के वाढ देशोदेशींच्या सरकारांनी आपापल्या सीमेवर केलेल्या बदलांमुळे झाली. यात निर्यात रोखणारे आहेत, तसे आयातशुल्क उतरवणारेही आहेत, कारण शुल्क उतरवलं की आयातदाराची मागणी वाढते आणि तीही भाव वर ढकलते. सगळे देश आपापला भाव स्थिर ठेवायला धावले आणि त्या धावण्यानेच जगाचा भाव अस्थिर झाला.

आता उलट बाजूचं एक उदाहरण, थोडक्यात. भाव वाढवायच्या हेतूनेही कुणी बाजार अडवून पाहिलं का? पाहिलं. थायलंडमध्ये २०११ साली यिंगलक शिनावात्रा यांच्या सरकारने शेतकऱ्यांचं धान टनाला १५ हजार बाथने घ्यायचं ठरवलं, बाजारभावापेक्षा जवळपास दीडपटीने. हिशोब असा, की आपण सर्वांत मोठे निर्यातदार, माल रोखून धरला की जगाचा भाव चढेल आणि मग चढ्या भावाने विकू. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारताने चार वर्षांपासूनचे बिगरबासमतीवरचे निर्बंध उठवले. आपला तांदूळ बाजारात उतरला, भाव चढलाच नाही, थायलंडची गोदामं भरत गेली आणि २०१२ मध्ये पहिल्या क्रमांकाचा निर्यातदार म्हणून भारत पुढे आला. थायलंडला मोठा तोटा झाला आणि ते प्रकरण यिंगलक यांच्यावरच्या खटल्यापर्यंत गेलं. म्हणजे एकट्या देशाला माल रोखून जगाचा भाव कायमचा वर ठेवता येत नाही. बाजाराला धक्का मात्र एकटा देशही देऊ शकतो. आणि धक्का बसतो तो बेसावध माणसाला.

गव्हाकडे येते. मे २०२२. युक्रेनमध्ये युद्ध पेटलेलं, काळ्या समुद्रातून गहू निघणं बंद. भारताकडे गहू भरपूर आहे, आम्ही जगाला पुरवू, असं आपल्याकडून सांगितलं जात होतं, आणि ते खोटं बोलण्याच्या हेतूने नव्हतं. १२ मे रोजी सरकारने जाहीर केलं की गव्हाच्या निर्यातीच्या शक्यता पाहायला नऊ देशांत शिष्टमंडळं पाठवणार: मोरोक्को, ट्युनिशिया, इंडोनेशिया, फिलिपाईन्स वगैरे. १३ मे रोजी रात्री गव्हाची निर्यात बंद केली. त्याआधीच मार्चच्या उष्णतेने, जो मार्च १२२ वर्षांतला सर्वांत तापलेला होता, पंजाब-हरियाणात दाणा भरण्याआधीच पीक पिकवून टाकलं होतं. व्यापारी हमीभावापेक्षा जास्त देत होते, त्यामुळे सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली. भीती खरी होती. पण कांडला बंदराबाहेर हजारो ट्रक गहू भरून उभे राहिले, आणि सोमवारी शिकागोच्या बाजारात गहू सुमारे सहा टक्क्यांनी चढला.

इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. जागतिक गहू व्यापारात भारताचा वाटा फार लहान, पाच टक्क्यांच्या आतला. मग आपण थांबल्याने एवढं काय झालं? झालं ते असं, की युक्रेनच्या जागी ज्याच्याकडे बघावं असा एक देश लोकांना दिसत होता आणि तो एका रात्रीत दिसेनासा झाला. बाजाराने भारताचे काही लाख टन वजा केले ते केलेच, पण यानंतर आणखी कोण दार लावेल याची भीतीही भावात धरली. आणि देशात? बंदीनंतरही गहू चढतच राहिला. जानेवारी २०२३ पर्यंत काही बाजारांत क्विंटलला तीन हजारांच्या आसपास गेला. तो उतरला केव्हा, तर सरकारने आपल्या कोठारातला ३० लाख टन गहू खुल्या बाजारात विकायचं ठरवल्यावर. भाव उतरवणारं खरं हत्यार सरकारच्या हातात आधीपासून होतं. ते सहा-आठ महिने उशिरा उचललं.

२०१० मध्ये रशियाने हेच केलं होतं. तिथे दुष्काळ, जंगलं पेटलेली, ५ ऑगस्टला पुतिन यांनी गहू निर्यातबंदी जाहीर केली. महिन्याभरात मोझांबिकची राजधानी मापुटो इथे पावाच्या भाववाढीवरून दंगल होऊन दहाहून जास्त माणसं मेली. रशियातल्या आगीशी त्या माणसांचा काहीही संबंध नव्हता.

परत तांदळाकडे, कारण आपला थेट संबंध तिथे आहे. २०२३ च्या बंदीमागचं सरकारचं म्हणणं प्रामाणिकपणे समजून घेतलं पाहिजे. अन्न सुरक्षा कायद्याखाली ८१ कोटी माणसांना मोफत धान्य द्यायचं आहे. गव्हाची खरेदी एकदा फसलेली आहे. एल निनोचं वर्ष आहे. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. किरकोळ महागाईचा दर जुलैत ७.४४ टक्के. समोर निवडणुका. अशा वेळी निर्णय घेणाऱ्याची झोप उडाली असेल तर मला ते समजतं. त्याला मी दुष्ट म्हणणार नाही.

पण निर्णय कसे आले ते पाहा. सप्टेंबर २०२२ मध्ये कनकीच्या, म्हणजे तुटक्या तांदळाच्या, निर्यातीवर बंदी आणि पांढऱ्या तांदळावर २० टक्के निर्यातशुल्क. जुलै २०२३ मध्ये पांढऱ्यावर पूर्ण बंदी. महिन्याभरात, २५ ऑगस्टला, उष्ण्या, म्हणजे धान उकडून काढलेल्या, तांदळावर २० टक्के शुल्क. पाठोपाठ बासमतीला टनामागे १२०० डॉलरची किमान किंमत, ती ऑक्टोबरात ९५०. एकामागून एक, बहुतेक वेळा त्याच दिवसापासून लागू. यातला फरक बघा: उष्ण्या तांदळावर शुल्क लागलं तरी तो बाहेर जात राहिला. आफ्रिकी देशांना तो महाग पडला, पण मिळाला. सरकारच्या तिजोरीत पैसे आले. पांढरा मात्र मिळतच नव्हता. मिळायचा तर एका देशाच्या सरकारने दुसऱ्या सरकारकडे विनंती करायची आणि मग राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत ठरलेला कोटा सुटायचा. फिलिपाईन्सला २ लाख ९५ हजार टन, कॅमेरूनला १ लाख ९० हजार, नेपाळला ९५ हजार, सेशल्सला ८०० टन. एखाद्या देशाने ८०० टन तांदळासाठी राजदूतामार्फत अर्ज करायचा, याचं मला फार वाईट वाटलं. मदत म्हणून ती दिलदार असेल, पण व्यापारात गिऱ्हाइकाला अशी वेळ आणू नये.

कनकीचंही असंच. गोंदिया-भंडाऱ्यात कनकी म्हटलं की आपल्याला कोंबड्यांचं खाद्य किंवा डिस्टिलरी आठवते. सेनेगलमध्ये कनकी हे रोजचं जेवण आहे. फ्रेंचांच्या काळात इंडोचायनातून तुटका तांदूळ डाकारला उतरायचा, आणि मासे-भाज्यांबरोबर शिजवलेला तो तुटका भातच पुढे त्यांचं राष्ट्रीय पक्वान्न झाला. २०२२ ला आपण कनकी रोखली तेव्हा कारणं बरोबर दिसत होती: चीन पशुखाद्यासाठी ती भरभरून उचलत होता, इकडे पोल्ट्रीवाले ओरडत होते, इथेनॉलला कच्चा माल हवा होता. पण चीनला मका मिळतो. डाकारच्या गृहिणीला दुसरं काही चालत नाही. बंदीने दोघांना एकाच मापाने मोजलं.

इथे मघाशी आलेली एक चिठ्ठी वाचते. ‘मॅडम, परदेशातल्या लोकांचं खरं, पण आमच्या माणसाला स्वस्त तांदूळ मिळाला ना? मग बंदी चांगलीच की.’

प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. शहरातल्या गिऱ्हाइकाला काही काळ थोडा दिलासा मिळतो, हे खरं. पण तो दिलासा कुणाच्या खिशातून येतो? तुमच्या. जगात तांदूळ पंधरा वर्षांतल्या सर्वांत चढ्या भावाने विकला जात होता, त्याच वर्षी तो चढा भाव धान पिकवणाऱ्यापर्यंत पोचू दिला नाही. त्या वर्षी साधारण प्रतीच्या धानाचा हमीभाव क्विंटलला २१८३ रुपये होता. पणन महासंघाच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर ज्याचा नंबर लागला त्याला तेवढा मिळाला. ज्याचा सातबारा जुळला नाही, ज्याला पैशाची घाई होती, ज्याने बारीक धान पेरलं होतं, तो व्यापाऱ्याकडे गेला. आणि व्यापाऱ्याच्या मागे निर्यातीची मागणी नव्हती. मुख्यतः श्रीमंत देशांची ओईसीडी ही संघटना आणि दिल्लीची इक्रिअर ही अभ्याससंस्था यांनी २०१८ साली मिळून एक अभ्यास केला. खत, वीज, पाणी यांवरची सगळी अनुदानं जमेला धरूनही, २००० पासूनच्या सतरा वर्षांत भारतीय शेतकऱ्याला धोरणांमधून मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के होता. उणे! एका हाताने युरियाची गोणी दिली आणि दुसऱ्या हाताने त्याहून जास्त काढून घेतलं. त्या उण्यात निर्यातीवरच्या निर्बंधांचा हिस्सा मोठा आहे.

नाशिककडच्या कांदा उत्पादकांना हे सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी, आणि लासलगावात लिलाव बंद पडले. कांदा धान्य नाही, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. पण हत्यार तेच आहे आणि घावही तिथेच बसतो.

शिवाय गरीब गिऱ्हाइकासाठी म्हणून बंदी घातली असं म्हणावं, तर गरीब गिऱ्हाईक रेशनवर मोफत धान्य घेतोच आहे. बाजारभावाचा फायदा त्याच्या आधी मध्यमवर्गाला मिळतो. माझं स्पष्ट मत आहे की आपण हा विचार उघडपणे करत नाही, कारण शहरातली महागाई रोज संध्याकाळी बातम्यांत दिसते आणि धानाचा बुडालेला भाव कुठेच दिसत नाही.

आणि एवढं करून झालं काय? २०२४ च्या पावसाळ्याअखेर केंद्राच्या कोठारात तांदूळ मावेना. १ ऑक्टोबरला सुमारे १०२ लाख टन साठा असावा असा निकष आहे. प्रत्यक्षात त्याच्या तिपटीच्या आसपास होता. मग सप्टेंबरअखेर बंदी उठली, आधी ४९० डॉलरची किमान किंमत लावून, महिन्याभरात तीही काढून. उष्ण्यावरचं शुल्क २० वरून १० आणि मग शून्य. मार्च २०२५ मध्ये कनकीही मोकळी झाली. अडवलेला सगळा माल एकदम बाजारात आला आणि भाव जे घसरले ते बराच काळ घसरत राहिले. २०२५ मध्ये आपला उष्णा तांदूळ टनाला चारशे डॉलरच्या खाली विकला जात होता. व्हिएतनामचा शेतकरी रडकुंडीला आला, थायलंडचा आला.

आणि फिलिपाईन्सने काय केलं? त्यांनी १ सप्टेंबर २०२५ पासून तांदळाची आयातच थांबवली, आधी साठ दिवस, मग वर्षअखेरपर्यंत, कारण बाहेरून आलेल्या स्वस्त तांदळाने त्यांच्या शेतकऱ्याचं धान कवडीमोल झालं होतं. २००८ मध्ये हजार डॉलर देऊन तांदूळ मागणारा देश चारशेला नको म्हणतो! याला मी विसंगती म्हणत नाही. विक्रेत्यावर विश्वास ठेवता येत नाही, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष आहे, आणि तो काढायला आपणही कारण आहोत. इंडोनेशियाही त्याच वाटेने स्वयंपूर्णतेच्या मागे लागला. आपण दार लावलं म्हणून गिऱ्हाइकाने आपलं स्वतंत्र शेत घेतलं. पुढच्या वीस वर्षांत आपला वाढीव तांदूळ कुठे जाणार, हा प्रश्न मला यामुळे जास्त गंभीर वाटतो.

असं अमेरिकेच्या बाबतीत घडून गेलं आहे. १९७३ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देशात भाव चढले म्हणून सोयाबीनची निर्यात रोखली. बंदी काही महिन्यांतच गुंडाळली. पण जपान सोयाबीनसाठी अमेरिकेवर अवलंबून होता, तो हादरला आणि ब्राझीलच्या सेराडो पठारावर सोयाबीन वाढवण्यासाठी पैसा आणि तंत्र घेऊन उतरला. आज ब्राझील सोयाबीनच्या निर्यातीत अमेरिकेच्या पुढे आहे. ब्राझीलच्या यशाला इतरही कारणं आहेत, पण सुरुवातीचा धक्का त्या बंदीने दिला.

दुसरी चिठ्ठी: ‘यावर जागतिक व्यापार संघटना काही करत नाही का?’ करते ते फार थोडं. आयातशुल्काचे नियम तिथे जाडजूड ग्रंथांत आहेत. निर्यात रोखण्यावरचे नियम जेमतेम. गॅट या मूळ जागतिक व्यापार करारातलं अकरावं कलम सांगतं की अन्नधान्याच्या गंभीर टंचाईत तात्पुरती निर्यातबंदी चालेल. टंचाई गंभीर आहे हे कोण ठरवणार, तात्पुरती म्हणजे किती दिवस, यावर ते गप्प आहे. शेती कराराचं बारावं कलम म्हणतं की बंदीआधी आयातदार देशांवरच्या परिणामाचा विचार करा, लेखी कळवा, विचारलं तर चर्चा करा. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण त्या धान्याचा जो निव्वळ निर्यातदार आहे त्याला नाही. म्हणजे तांदळाच्या बाबतीत आपल्याला ते लागू आहे. पाळलं नाही तर शिक्षा मात्र काही नाही. जून २०२२ मध्ये एवढं ठरलं की जागतिक अन्न कार्यक्रम मदतीसाठी जे धान्य विकत घेतो त्यावर अशी बंदी लावायची नाही. चांगलं आहे, पण जगाच्या तांदूळ व्यापारात त्या खरेदीचा वाटा किरकोळ आहे.

मग करायचं काय? निर्यात कधीच रोखू नका, असं मी म्हणणार नाही. आपल्या देशात खरोखर उपासमारीची वेळ आली तर कुठलंही सरकार दार लावेल आणि लावावंच. पण २०२३ मध्ये आपण त्याच्या जवळपासही नव्हतो. अशा मधल्या परिस्थितीत बंदीच्या ऐवजी शुल्क लावा, म्हणजे माल महागाने का होईना मिळत राहतो आणि जमा झालेला पैसा धान उत्पादकांकडे वळवता येतो. जे करार आधी झालेत ते पुरे होऊ द्या, निदान दोन महिन्यांची मुदत द्या. सेनेगल, बेनिन, नेपाळ, भूतान यांच्यासारख्या आपल्यावर टेकलेल्या देशांसाठी कायमचा, आधीच जाहीर केलेला कोटा ठेवा, विनंतीअर्जाशिवाय मिळणारा. आणि कोठारात निकषाच्या दुप्पट तांदूळ असेल तेव्हा निर्यातीला हात लावण्याआधी तो बाजारात सोडा. यासाठी नवा कायदा लागत नाही, शिस्त लागते. आणि ती शिस्त आपल्याकडे येईल तर ती धान पिकवणाऱ्या जिल्ह्यांतून मागणी आल्यावरच येईल. हमीभाव किती, बोनस किती, हे आपण दर अधिवेशनात विचारतो. निर्यात धोरण पुढच्या हंगामापुरतं तरी पेरणीआधी जाहीर करा, हे आपण कधीच विचारत नाही.

शेवटची चिठ्ठी एका मिलवाल्यांची दिसते. ‘पुन्हा एल निनो आला तर सरकार बंदी घालेल का?’ कोठारं आत्तासारखी भरलेली असतील तर कारण उरणार नाही. पण कारण नसतानाही घातली जाऊ शकते, हे २०२३ ने दाखवलं आहे. म्हणून परदेशी करार करणार असाल तर त्यात सरकारी बंदीचं कलम स्वच्छ शब्दांत लिहून घ्या आणि माल जहाजात जितका लवकर भरता येईल तितका भरा. आणि शेतकऱ्यांशी आधी ठरलेला भाव मात्र त्या कलमाच्या आडून बदलू नका.